लिलावातल्या टायगर कबवर किती बोली लावावी?

प्रश्न विचारणारे मूळचे साताऱ्याचे, सध्या इंग्लंडमध्ये कव्हेंट्रीजवळ नोकरीला. गावाकडे बरीच वर्षं बुलेट चालवलेली. इथे एका रविवारी जुन्या गाड्यांची ट्रायल बघितली आणि आता स्वतःला उतरायचंय. पुढच्या महिन्यात एका लिलावात १९६१ ची ट्रायम्फ टायगर कब ही मोटरसायकल येतेय, ट्रायल्ससाठी बदललेली. अंदाजित किंमत ३,००० ते ४,००० पौंड. कॅटलॉगमध्ये जेमतेम चार ओळी: बरीच वर्षं चालू केलेली नाही, वापरण्याआधी तपासून घ्यावी, व्ही५सी (इथलं नोंदणीचं पुस्तक) सोबत. इंजिनाचा आणि चासीचा नंबर वेगळा आहे, हे त्यांनी फोटोवरून स्वतःच टिपलंय. सगळं मिळून ५,००० पौंड खर्चायची तयारी आहे. विचारतात, ४,५०० पर्यंत बोली नेऊ का? त्याच लिलावात एक ट्रायल्स बुलेट आहे, ती बरी पडेल का? आणि पुढेमागे गाडी साताऱ्याला नेता येईल का?

पहिल्याचं उत्तर आधी देऊन टाकतो: ४,५०० नको. तुमच्या बजेटमध्ये या गाडीवरची बोली २,७०० च्या आसपास थांबते. हा आकडा कुठून आला ते खाली मांडतो. पण तुमचा खरा प्रश्न किमतीचा नाहीच. या चार ओळींमागे नेमकी कोणती वस्तू उभी आहे, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर मिळेपर्यंत ३,००० स्वस्त की महाग हे मलाही सांगता येणार नाही, आणि लिलावगृहालाही नाही. त्यांचा अंदाज म्हणजे अशा दिसणाऱ्या गाड्या मागे कितीला गेल्या याचा आडाखा. इंजिनाच्या आतला क्रँक कसा आहे ते त्यांनी उघडून बघितलेलं नसतं.

इतर वाचकांसाठी दोन शब्द. ट्रायल ही शर्यत नव्हे. ओढ्यातून, दगडांवरून, झाडांच्या मुळांवरून आखलेल्या छोट्या पट्ट्या असतात, त्यांना सेक्शन म्हणतात. तिथून पाय न टेकता गाडी काढायची. एकदा पाय टेकला की दंडाचा एक गुण, दोनदा टेकला की दोन, त्याहून जास्त वेळा टेकला तरी तीन, आणि गाडी थांबली किंवा पडली की पाच. ज्याचे गुण सर्वांत कमी तो जिंकतो. स्कॉटलंडमध्ये फोर्ट विल्यमला सहा दिवस चालणारी 'स्कॉटिश सिक्स डेज' ही या खेळाची पंढरी. १९६१ साली गॉर्डन जॅक्सनने एजेएसवर ती जिंकली तेव्हा सहा दिवसांत त्याला दंडाचा फक्त एक गुण पडला होता. त्याच्या दोन वर्षं आधी, १९५९ ला, रॉय पेपलोने हीच स्पर्धा टायगर कबवर जिंकली. म्हणजे तुम्ही बघताय ती जात अगदी अस्सल घराण्याची.

पण याच खेळामुळे या गाड्या ओळखायला अवघड होतात. ट्रायल्स चालवणारा माणूस गाडी कधी जशीच्या तशी ठेवत नाही. वजन कमी करायला मडगार्ड ॲल्युमिनियमचं, टाकी लहान, पायटे (फूटरेस्ट) मागे आणि वर, मागचं स्प्रॉकेट मोठं. पुढचा शॉकअप तकलादू वाटला की दुसऱ्या गाडीचा बसवला. साठ वर्षांत पाच-सहा मालक झाले असतील, तर प्रत्येकाने आपला एक तुकडा जोडलेला असतो. शेवटी हाती येते ती गोधडी. त्यामुळे 'ओरिजिनल आहे का?' हा रस्त्यावरच्या जुन्या गाडीला विचारायचा प्रश्न ट्रायल्सच्या गाडीला तसाच विचारता येत नाही. तुकडे कोणते, कधी जोडले आणि कागदावर काय लिहिलंय, असं विचारावं लागतं.

यात आणखी एक गुंता आहे. कारखान्याने ट्रायल्ससाठी म्हणून बनवलेल्या कब तशा थोड्या. इंजिन नंबरच्या सुरुवातीला त्यांच्यावर टी२०सी, टी२०टी, टीआर२० अशी अक्षरं असतात. साध्या रस्त्याच्या कबवर नुसतं टी२०. आज ट्रायल्समध्ये दिसणाऱ्या बहुतेक कब या रस्त्याच्या गाडीवरून घरी बदललेल्या. त्यात कमीपणा काही नाही, उलट काही घरच्या गाड्या कारखान्याच्या गाड्यांपेक्षा कितीतरी चांगल्या चालतात. पण किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडायला हवा, आणि लिलावात तो नेहमी पडतोच असं नाही. एरियल या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीच्या बाबतीत हे आणखी टोकाला जातं. एचटी५ ही ५०० सीसीची ट्रायल्स गाडी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात काही वर्षंच निघाली. सॅमी मिलर या ट्रायल्स चालवणाऱ्याने तिला अजरामर केलं, त्याच्या जीओव्ही १३२ या नंबरसकट. साहजिकच एरियलच्याच साध्या रेड हंटरमधून उभ्या केलेल्या 'एचटी५' बाजारात फिरत असतात.

हाच मिलर १९६४ च्या अखेरीस एरियल सोडून स्पेनच्या बुल्टाकोकडे गेला आणि १९६५ ची स्कॉटिश त्याने हलक्या टू-स्ट्रोक बुल्टाकोवर जिंकली. जड ब्रिटिश फोर-स्ट्रोकचा काळ तिथे संपला. म्हणूनच जुन्या गाड्यांच्या वर्गाला 'प्री-६५' म्हणतात. हे सांगायचं कारण असं की तुम्ही ज्या क्लबात उतरणार त्याचे प्री-६५ चे नियम आधी वाचा. स्कॉटलंडमधल्या किनलॉकलेव्हनच्या स्कॉटिश प्री-६५ स्पर्धेला तपासणी कडक असते. गावपातळीच्या क्लबात बरंच चालवून घेतात. एका ठिकाणी चालणारी गाडी दुसरीकडे वर्गातून बाहेर निघू शकते, आणि हे बोली लावल्यानंतर कळलं तर काही उपयोग नाही.

आता माझा स्वतःचा नियम सांगतो. लिलावात मी चासी आणि कागद विकत घेतो. इंजिन बिघडलेलंच आहे असं धरून चालतो. ते चांगलं निघालं तर आनंदच, पण त्यासाठी एक पेनीही मोजत नाही. कारण सरळ आहे. इंजिन तासावर काम करणाऱ्या माणसाकडून दुरुस्त होतं, पैसे टाकले की प्रश्न सुटतो. चासीची ओळख चुकीची निघाली तर पैशाने सुटत नाही. आणि लिलावात तुम्हाला नीट तपासता येतात त्या याच दोन गोष्टी. इंजिन सुरू करून देत नाहीत, चालवून बघणं तर दूरच.

तर कागदापासून सुरुवात करू. व्ही५सी म्हणजे इथलं आरसी बुक, पण त्याच्यावरच छापलेलं असतं की हा मालकीचा पुरावा नाही. त्यावरचं नाव 'नोंदणीकृत कीपर'चं. त्यामुळे व्ही५सी आहे एवढ्यावर समाधान मानू नका. त्यावरचा चासी नंबर प्रत्यक्ष चासीवर अक्षर न् अक्षर तोच आहे का, ते बघा. कबचा चासी नंबर हॅंडलच्या गळ्यापाशी डाव्या बाजूला ठोकलेला असतो, इंजिनाचा डाव्या क्रँककेसवर, सिलिंडरच्या खाली. अंगठ्याने चाचपून बघा. अंकांच्या आजूबाजूला कानस मारल्याचा सपाटपणा, वेल्डिंगची गाठ, एका अंकाचा ठसा खोल तर दुसऱ्याचा उथळ, किंवा सगळी गाडी खरवडलेली आणि तेवढ्याच जागी पेंटचा जाड थर, यातलं काही दिसलं तर पुढची तपासणी बंद करून चहा प्यायला जा. आज नवीन बनवलेल्या ट्रायल्स चासी सर्रास मिळतात. चांगल्या असतात, मूळच्यापेक्षा हलक्या असतात. पण नव्या चासीवर भंगारात गेलेल्या जुन्या गाडीचा नंबर ठोकलेला असेल, तर उद्या डीव्हीएलएने (इथल्या वाहन नोंदणी खात्याने) विचारलं की उत्तर तुम्हाला द्यायचंय, विकणाऱ्याला नाही.

नंबर जुळत नाहीत, ही तुमची शंका अगदी रास्त आहे, पण तिचा अर्थ कंपनीप्रमाणे बदलतो. ट्रायम्फच्या त्या काळातल्या गाडीवर इंजिन आणि चासी दोन्हींवर एकच नंबर असायचा. म्हणजे तुमच्या कबमधलं इंजिन बदललेलं आहे, हे जवळपास नक्की. पन्नाशीच्या दशकातल्या बीएसएवर मात्र दोन्ही नंबर मुळातच वेगवेगळ्या मालिकेतले असत, तिथे 'न जुळणं' हा दोष नाहीच. कबमध्ये इंजिन बदललेलं असणं ट्रायल्ससाठी मला अजिबात खटकत नाही. मला एवढंच बघायचं असतं की बदललेल्या इंजिनाचा नंबर व्ही५सीवर चढवलाय का. चढवला असेल तर मालक व्यवस्थित माणूस होता असं समजायला जागा आहे. नसेल तर तो फरक तुम्ही डीव्हीएलएला कळवायचा. हे काम होतं, अवघड नाही, पण किमतीत दिसायला हवं. 'मॅचिंग नंबर्स' लिहिलेल्या कबच्या भावात ही घ्यायची नाही.

गाडी खरंच १९६१ ची का, याची खात्री करायला फार धावपळ नको. व्हिंटेज मोटरसायकल क्लबकडे ट्रायम्फ, बीएसए, एरियल, नॉर्टन अशा कंपन्यांच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडल्याच्या नोंदी आहेत. फी भरली की तुमच्या नंबरची गाडी कधी, कोणत्या मॉडेलची म्हणून आणि कोणत्या विक्रेत्याकडे गेली, याचा उतारा मिळतो. एजेएस-मॅचलेसच्या नोंदी त्यांच्या ओनर्स क्लबकडे आहेत. लिलावाला महिना आहे, आजच अर्ज टाका. उताऱ्यात ट्रायल्स मॉडेल निघालं आणि कॅटलॉगमध्ये तसं लिहिलेलं नसलं, तर तुमचं नशीब जोरावर आहे. मग कोणापाशी बोलू नका.

४० वर्षांवरच्या गाडीला इथे एमओटी (दर वर्षीची वाहन तपासणी) आणि रोड टॅक्स दोन्ही माफ असतं. पण एमओटीची माफी गाडीत गेल्या ३० वर्षांत मोठे बदल झाले नसतील तरच, आणि टॅक्स शून्य असला तरी तो तुमच्या नावावर नव्याने घ्यावाच लागतो. आधीच्या मालकाचा पुढे चालत नाही. शेतात भरणाऱ्या ट्रायलला याचा फारसा संबंध येत नाही. दोन सेक्शनच्या मध्ये सार्वजनिक रस्ता लागत असेल तिथे नोंदणी, टॅक्स, विमा सगळं चोख लागतं.

आता गाडी बघायचा दिवस. बोली ऑनलाइन लावा हवी तर, पण गाडी न बघता लावू नका. कंडिशन रिपोर्ट मागितला तर देतात, फोनवर बोलायलाही तयार असतात, पण तो तुमच्या हाताची जागा घेत नाही. बॅटरी (टॉर्च), लहान आरसा, लोहचुंबक आणि खराब झालं तरी चालेल असं फडकं घेऊन जा.

मी आधी खाली बसतो. क्रँककेसचा तळ आरशात बघतो. ट्रायल्सची गाडी दगडावर आपटतेच, तळाला संरक्षक पत्रा नसेल किंवा नंतर बसवला असेल, तर केसला तडा जाऊन वेल्डिंग केलेलं असू शकतं. स्वच्छ, जुनं वेल्डिंग चालेल. करड्या रंगाच्या पुट्टीने लिंपलेलं असेल तर केस बदलायचा खर्च धरा. मग पायट्यांची जोडणी. ट्रायल्समध्ये माणूस पूर्ण वेळ उभा असतो आणि सगळं वजन तिथे येतं, त्यामुळे चासीला केसासारखे बारीक तडे पहिल्यांदा तिथेच जातात. रंगात रेघ दिसली की नखाने खरवडून बघा. त्यानंतर मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा, स्विंगआर्मचे बुश गेले असतील तर लगेच खटखट कळते. पुढचं चाक उचलून हॅंडल डावी-उजवीकडे सावकाश फिरवा. मधोमध अडकल्यासारखं झालं तर कोनसेट (हॅंडलच्या गळ्यातलं बेअरिंग) गेलाय. हे दोन्ही स्वस्तातले रोग आहेत. यासाठी गाडी सोडू नका, फक्त हिशेबात धरा.

टाकीचं झाकण उघडून आत बॅटरी मारा. पत्र्याची असेल तर गंज. फायबरग्लासची असेल तर जास्त सावध राहा. २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल ई१० आहे, म्हणजे त्यात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुन्या फायबरग्लासचं रेझिन त्यात विरघळतं आणि तो चिकट रस कार्ब्युरेटरमधून थेट व्हॉल्व्हपर्यंत जातो. अशी टाकी भिंतीवर टांगायला छान, गाडीवर नको.

इंजिन सुरू करता येत नाही, पण हात लावता येतो. तिथल्या माणसाला विचारून किक हाताने सावकाश खाली दाबा. कॉम्प्रेशनला अडून मग सरकली तर ठीक. अजिबात हललीच नाही तर पिस्टन चिकटलाय. कसलाच प्रतिकार न होता खाली गेली तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गेलेत, नाहीतर कुणी आतलं सामानच काढून घेतलंय. तसंही घडतं. मागचं चाक पुढे-मागे झुलवत चारही गिअर पडतात का बघा. बरीच वर्षं उभ्या असलेल्या ब्रिटिश सिंगलमध्ये टाकीतलं ऑइल हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं, त्यामुळे खाली तेलाचं तळं दिसलं म्हणून घाबरू नका. उलट कोरडी ठणठणीत गाडी बघितली की मी विचारतो, ऑइल आहे ना आत?

कबचं दुखणं मात्र खालच्या भागातच असतं. इंजिन लहान, ऑइल थोडं, पंप साधा प्लंजरचा, आणि टायमिंगच्या बाजूला क्रँक बेअरिंगवर नाही तर साध्या बुशवर फिरतो. ऑइल वेळच्या वेळी बदललं नाही की आधी हा बुश झिजतो, ऑइलचा दाब पडतो, आणि मग कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाची वाट लागते. ट्रायल्समध्ये गाडी मुंगीच्या पावलाने चालते, पण मधूनच भसकन ॲक्सिलरेटर पिळला जातो. या बुशला ते अजिबात मानवत नाही. हे सगळं नीट करून देणारे लोक आहेत, मोठ्या टोकाला रोलर बेअरिंग असलेला रॉडही बसवून मिळतो, पण फुकट नाही. इग्निशनचंही तसंच. जुन्या कबमध्ये सिलिंडरमागे डिस्ट्रिब्युटर उभा असतो, नंतरच्यांमध्ये पॉइंट बाजूच्या कव्हराखाली आले. बॅटरीशिवाय चालणारी जी मूळची व्यवस्था होती, तिचं टायमिंग जरा हललं की गाडी सुरूच होत नाही. कुणी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेलं असेल तर संग्राहक नाक मुरडतील. तुम्ही खूश व्हा.

आता तो आकडा. लिलावात हातोडा पडतो ती तुमची किंमत नव्हे. त्यावर लिलावगृहाचं बायर्स प्रीमियम (घेणाऱ्याकडून घेतलेलं कमिशन) लागतं आणि प्रीमियमवर २० टक्के व्हॅट. प्रीमियमचा दर प्रत्येक ठिकाणी वेगळा, अटींमध्ये दिलेला असतो, तो वाचा. समजा २० टक्के आहे. मग हातोड्याच्या दर १०० पौंडांमागे तुम्ही १२४ मोजता. तुमच्या ४,५०० च्या बोलीचे ५,५८० होतात, म्हणजे गाडी घरी आणायच्या आधीच बजेट फुटलं. ऑनलाइन बोलीसाठी काही ठिकाणी आणखी आकार असतो. परदेशातून लिलावासाठी आणलेल्या गाडीवर हातोड्याच्या किमतीवरही कर बसू शकतो. कॅटलॉगमध्ये लॉट नंबरशेजारी एखादं बारीक चिन्ह असेल तर त्याचा अर्थ पाठीमागच्या पानावर शोधा.

म्हणून मी उलटीकडून हिशेब करतो. तुमचे ५,०००. इंजिन बिघडलेलं धरलं, त्याचे १,२०० बाजूला. टायर, चेन, केबली, ब्रेक शू यांचे ३००. व्हॅन आणि पेट्रोल १५०. उरले ३,३५०. त्याला १.२४ ने भागलं की २,७०० येतात. ही तुमची बोली. इंजिनाचा आकडा तुम्ही स्वतः किती काम करता यावर खाली-वर होईल. गॅरेज असेल, लेथवाला ओळखीचा असेल तर कमी, सगळं बाहेरून करून घेणार असाल तर १,२०० पुरणारही नाहीत. पण ही रीत बदलू नका. आकडा कागदावर लिहून खिशात ठेवा. सभागृहात ५०-१०० ची वाढ किरकोळ वाटते, आणि समोरचा कोण आहे, त्याला गाडी का हवीय, हे तुम्हाला माहीत नसतं. कदाचित ती त्याच्या वडिलांचीच गाडी असेल. त्याच्याशी तुमची स्पर्धा नाही.

आता तुमच्या लक्षात आलं असेल की २,७०० हे खालच्या अंदाजापेक्षाही कमी आहेत. राखीव किंमत (जिच्याखाली विकायचं नाही ती) असली तर ती साधारणपणे खालच्या अंदाजाच्या वर नसते, पण बरोबरीने असू शकते. म्हणजे तुमच्या बोलीला गाडी मिळण्याची शक्यता कमी आहे, हे स्पष्ट सांगतो. तरी दोन वाटा उरतात. लॉटला राखीव किंमत नसेल तर कॅटलॉगमध्ये तसं लिहिलेलं असतं, आणि न चालणाऱ्या छोट्या गाड्या दुपारी उशिरा, गर्दी पांगल्यावर, खाली जाताना मी बघितल्यात. दुसरी वाट, गाडी विकली गेली नाही तर. मग लिलावगृहाच्या टेबलापाशी जाऊन शांतपणे तुमचा आकडा आणि फोन नंबर देऊन या. विकणाऱ्याला गाडी परत घरी न्यायची असते, त्याचाही खर्च असतो. असे सौदे बरेच होतात. पैसे मात्र तयार हवेत, आणि गाडी ठरलेल्या मुदतीत उचलली नाही तर भाडं सुरू होतं. आणि सार्वजनिक लिलावात, जिथे तुम्हाला स्वतः हजर राहता येत होतं तिथे, जुन्या वस्तूला दुकानातल्यासारखं ग्राहक-संरक्षण मिळत नाही. चौदा दिवसांत परत वगैरे विसरा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतो. चालवण्यासाठीच गाडी हवी असेल तर लिलाव ही माझी पहिली पसंती नाही. चालू, रुळलेली ट्रायल्स गाडी सहसा लिलावापर्यंत पोहोचतच नाही. क्लबातल्या एकाचे गुडघे दुखायला लागतात, तो ट्रायल संपल्यावर पार्किंगमध्ये दुसऱ्याला सांगतो आणि सौदा तिथेच होतो. लिलावात येतात त्या मृत्यूनंतर वारसांनी काढलेल्या, संग्रहातल्या, किंवा विक्रेत्याकडे बरेच दिवस पडून राहिलेल्या. त्यामुळे दोन-तीन रविवार कुठल्यातरी क्लबच्या ट्रायलला सेक्शनवर निरीक्षक म्हणून उभे राहा. त्यांना माणसं कायम कमी पडतात. दुपारपर्यंत तुम्हाला कोणाची कब कशी चालते ते कळलेलं असेल आणि त्यांना तुम्हाला गाडी हवीय हे. नवशिक्याला मी कबपेक्षाही १७५ सीसीची बीएसए बॅंटम सुचवेन. १९४८ ला आधी १२५ सीसीची म्हणून आलेली ही टू-स्ट्रोक जर्मन डीकेडब्ल्यूच्या आराखड्यावरून निघाली, आत हलणारे भाग मोजके, सुटे भाग मुबलक, आणि पडली तर जीव हळहळत नाही.

बुलेटचं. तुम्हाला तिच्याकडे ओढ वाटणं मी समजू शकतो. मागे स्विंगआर्म असलेली बुलेट पहिल्यांदा लोकांसमोर आली तीच मुळी ट्रायलमध्ये, १९४८ च्या कोलमोर कपला. जॉनी ब्रिटनने १९५२ आणि १९५७ ला तिच्यावर स्कॉटिश जिंकली. २०१९ मध्ये रॉयल एनफिल्डने भारतात 'बुलेट ट्रायल्स' काढली ती त्याच आठवणीत. पण बोली लावण्याआधी एकच गोष्ट पक्की करा: ती रेडिचची (इंग्लंडमधल्या मूळ कारखान्याची) आहे की मद्रासची. आपल्याकडे पन्नाशीच्या दशकातल्या आराखड्याची बुलेट पुढे कैक दशकं बनत राहिली. अशी भारतीय बुलेट इथे आणून, सोलून, मडगार्ड बदलून '१९५५ ची ट्रायल्स बुलेट' म्हणून उभी करणं सोपं आहे. व्ही५सीवरची पहिल्या नोंदणीची तारीख आणि चासी नंबरची मालिका ओनर्स क्लबच्या माणसाला दाखवा, तो लगेच सांगेल. भारतीय असेल तरी चालवायला वाईट नाही, पिस्टनपासून केबलींपर्यंत बरंच सामान गावाकडून येताना बॅगेत आणता येतं. फक्त भाव रेडिचचा द्यायचा नाही. आणि वजन विसरू नका. बुलेटवरचा तुमचा सराव रस्त्यावर बसून चालवण्याचा आहे. ओल्या दगडावर उभं राहून, एका बोटावर क्लच धरून ती वळवताना कब आणि बुलेटमधलं वजन खांद्यांना कळतं. पहिल्या मोसमाला मी ती देणार नाही.

साताऱ्याला न्यायचं म्हणाल तर ट्रायल्सची गाडी त्यासाठी चुकीची निवड आहे. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले, त्यात ५० वर्षांवरच्या दुचाकींना 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. पण गाडी मूळ रूपात असावी, चासी-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार नसावेत, अशी अट आहे. तुकडे जोडून उभी राहिलेली कब त्यात बसवताना तुमची दमछाक होईल. शिवाय नोंदणी झाली तरी रोजच्या वापराला परवानगी नाही. आयातीचे नियम आणि सीमाशुल्क हा याआधीचा टप्पा, तो विचार असेल तर बोलीच्या आधी कस्टम्स एजंटशी बोला आणि जशीच्या तशी राहिलेली रस्त्याची गाडी शोधा.

तूर्त करायचं ते एवढंच: नोंदींच्या उताऱ्यासाठी अर्ज, लिलावगृहाकडून कंडिशन रिपोर्ट, आणि त्यांच्याकडेच तीन फोटो मागा. हॅंडलच्या गळ्यावरचा नंबर, क्रँककेसचा तळ, आणि पायटे चासीला जिथे जोडलेत ती जागा, दोन्ही बाजूंनी. फोटो आले की इथेच टाका, चासी नंबरचे शेवटचे तीन अंक झाकून. चासी मूळची आहे की नंतरची, ते बहुतेक गळ्याच्या फोटोवरूनच सांगता येईल.